चारही चाकं ओढतील, पण थांबवणार कोण?

प्रश्न थोडक्यात असा: हे वाचक मूळचे लातूरचे. वाळूजच्या एमआयडीसीत सहा वर्षं गिअरचे भाग करणाऱ्या कारखान्यात होते, एप्रिलपासून नोकरीनिमित्त कॅनडात ओटावाला आहेत. पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी नोव्हेंबरात तिकडे पोचतील. त्याआधी त्यांना ऑल-व्हील ड्राइव्ह असलेली जुनी स्पोर्ट्स सेडान घ्यायची आहे. बजेट सगळं मिळून २२,००० कॅनेडियन डॉलर. २०१६ ची एक सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय त्यांना १९,५०० डॉलरला मिळतेय. ती १,३०,००० किलोमीटर चाललेली आणि ‘थोडीफार मॉडिफाय’ केलेली आहे. विकणारा सांगतो की चारही चाकांना ताकद जाते, त्यामुळे वेगळे हिवाळी टायर लागत नाहीत. वडील म्हणतात, जुनी घेऊच नको, नवी आणि साधी घे. घर ते ऑफिस अंतर सात किलोमीटर, गाडी बिल्डिंगच्या उबदार तळघरात लागते. ‘माझी हौस चुकीची आहे का?’ असं त्यांनी शेवटी विचारलंय.

हौस अजिबात चुकीची नाही. सहा वर्षं गिअरच्या दात्यांवर मायक्रोमीटर लावणाऱ्या माणसाला नेटकी चालणारी गाडी हवीशी वाटणारच. बर्फाच्या गावात चारही चाकं ओढणारी सेडान घेणं ही उधळपट्टीही नाही. वडिलांची काळजी खरी आहे, पण ती गाडीच्या वयावर अडकलीय. हिवाळ्यात घात होतो तो खाली कोणते टायर आहेत आणि आधीच्या मालकाने गाडीचं काय केलं, यावरून. म्हणून आधी विकणाऱ्याच्या त्या वाक्याकडे वळतो. तुमचा सगळा हिशोब त्यावर उभा आहे आणि ते वाक्य चुकीचं आहे.

पावसाळ्यात काळ्या रानातल्या पांदण रस्त्याने फोर-बाय-फोर जीप नेणाऱ्या कोणालाही विचारा. साधी गाडी रुतते तिथून जीप निघून जाते. पण ओल्या उतारावर ब्रेक दाबला की तीही इतर गाड्यांसारखीच घसरते. गाडी थांबवतात ते ब्रेक, आणि ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. ब्रेकनी चाक कितीही धरलं तरी रस्ता धरायचा तो टायरच्या तळहाताएवढ्या चार तुकड्यांनी.

आकड्यांत बघा. ताशी ५० किलोमीटर वेग आणि कोरड्या डांबरावर घर्षणांक, म्हणजे रस्त्याची पकड सांगणारा आकडा, ०.८ धरला, तर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते, म्हणजे एका एसटी बसच्या लांबीत. चाकांखाली दबून घट्ट झालेल्या बर्फावर घर्षणांक ०.२५ धरा, तेच अंतर ३९ मीटर होतं. पाणी गोठून झालेल्या काचेसारख्या थरावर तो ०.१ उरतो आणि ९८ मीटर लागतात. तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ यात धरलेलाच नाही. किती चाकांना ताकद जाते, हा आकडा या गणितात कुठेच येत नाही.

आणखी एक गोष्ट विकणारा सांगत नाही. पुढची दोनच चाकं ओढणारी गाडी सिग्नलवरून निघताना घरघरते, चाकं फिरतात, आणि रस्ता निसरडा आहे हे चालवणाऱ्याला तिथेच कळतं. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी मात्र मुकाट निघून जाते. रस्ता किती वाईट आहे हे पहिल्यांदा कळतं ते समोरचा थांबला की. म्हणून बर्फाच्या दिवशी निघाल्यावर मागे कोणी नाही हे बघून, वेग अगदी कमी असताना एकदा ब्रेक दाबून बघायचा. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारा एबीएस लगेच थरथरला तर त्या दिवशी पुढच्या गाडीपासूनचं अंतर दुप्पट-तिप्पट ठेवायचं. पायाखाली ती थरथर आली की पाय उचलायचा नाही, दाबूनच धरायचा.

आता टायर. डब्ल्यूआरएक्स आणि एसटीआय कारखान्यातून उन्हाळी टायर घालून निघायच्या. त्यांचं रबर सात अंशांखाली कडक व्हायला लागतं आणि कडाक्याच्या थंडीत त्याला तडेही जाऊ शकतात. ऑल-सीझन टायर त्यापेक्षा बरे, पण जानेवारीत रात्री पारा उणे वीसच्या खाली जाणाऱ्या गावासाठी ते नाहीत. खऱ्या हिवाळी टायरचं रबर त्या थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फाला चावा घेतात. ओळखायची खूण म्हणजे टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. नुसतं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो) लिहिलेलं पुरत नाही. हे टायर चारही चाकांना घालायचे, दोनच घालून चालत नाही. पुढे पकड आणि मागे नाही अशी गाडी वळणावर मागून फिरते.

टायर वेगळ्या रिमवर बसवून घ्या, म्हणजे दर ऑक्टोबर-एप्रिलला नुसती चाकं बदलायची. मूळ रिम १८ इंची असेल तर हिवाळ्यासाठी १७ इंची आणि जाड बाजूचा टायर घ्यावा, बाहेरचा व्यास तेवढाच ठेवून. बर्फ वितळल्यावर उघडे पडणारे खड्डे तो सोसतो. रिम आतून ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, हे दुकानदाराकडून आधी पक्कं करून घ्या. टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ‘३५१९’ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. सहा-सात वर्षं जुना हिवाळी टायर नक्षी शिल्लक असली तरी घेऊ नये, त्याचं रबर मऊ राहिलेलं नसतं. हवेचा दाब तापमानाबरोबर घसरतो, दर साडेपाच अंशांना साधारण एक पीएसआय. तुमच्या उबदार तळघरात ३५ भरलेली हवा बाहेर उणे वीसमध्ये २८ वर येते. म्हणून हवा थंडीतच मोजायची.

तुमच्यासारखे आणखी बरेच जण परदेशी आहेत, त्यांच्यासाठी जाता जाता. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ओटावातून नदीचा पूल ओलांडला की क्यूबेक लागतं, तिथे राहायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जर्मनीत हिवाळी रस्त्यावर ती डोंगर-हिमकणाची खूण असलेलाच टायर लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून तिथे नुसता ‘एम प्लस एस’ चालत नाही. ओटावा ज्या प्रांतात आहे त्या ओंटारिओत सक्ती नाही, पण हिवाळी टायर लावणाऱ्याला सवलत देणं तिथल्या विमा कंपन्यांना २०१६ पासून बंधनकारक आहे. ती सवलत मागून घ्यावी.

आता पैशाचा हिशोब. ओंटारिओत खाजगी व्यवहारातही गाडी नावावर करताना १३ टक्के कर भरावा लागतो, तोही खरेदीची किंमत किंवा गाडीचं पुस्तकातलं घाऊक मूल्य, यातलं जे जास्त असेल त्यावर. १९,५०० च्या एसटीआयवर २,५३५ डॉलर कर बसतो आणि एकूण २२,०३५ होतात. म्हणजे टायर घ्यायच्या आधीच तुमचं बजेट ओलांडलं.

उलट बाजूने मांडा. गाडी १६,५०० ची घेतली तर करासह १८,६४५ होतात. रिमसह हिवाळी टायरचे १,४००, स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणीचे २५०, खालून गंजरोधक तेल मारायचे १५० धरा. बेरीज २०,४४५. उरलेले दीड हजार पहिल्या सर्व्हिसला, बॅटरीला आणि जे दिसलं नाही त्याला. हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण गाडीवर साडेसोळा हजारांच्या वर जाऊ नका, हे माझं ठाम मत आहे.

आणि ती एसटीआय सोडा. किंमत हे त्याचं एक कारण, पण मुख्य कारण तिच्या पोटात आहे. त्या काळातल्या एसटीआयमध्ये ईजे२५७ हे अडीच लिटरचं टर्बो इंजिन आहे. त्याचा कच्चा दुवा सगळ्या मेकॅनिकांना माहीत आहे. पिस्टनवर रिंगा बसायच्या खाचा असतात, दोन खाचांच्या मधली कड बारीक असते आणि पिस्टन ओतीव. कोणी ताकद वाढवायला इंजिनच्या संगणकात (ईसीयूत) बदललेला प्रोग्रॅम, म्हणजे ट्यून टाकला, टर्बोचा दाब वाढवला किंवा नुसता बाजारातला एअर फिल्टर-इनटेक बसवून ट्यून जुळवला नाही, की हवा-पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. मग नॉकिंग होतं, म्हणजे पेट्रोल नको त्या क्षणी पेटतं, आणि तो धक्का थेट त्या कडेवर बसतो. कड तडकते. गाडी चालतच राहते, फक्त तेल खायला लागते आणि एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, पडतं. पुढचा खर्च इंजिन उतरवून काही हजार डॉलरचा. ‘थोडीफार मॉडिफाय’ या दोन शब्दांत नेमकं हेच लपलेलं असू शकतं. टायमिंग बेल्ट बदलायचं अंतर १,६८,००० किलोमीटर आहे, तेही जवळ आलंय. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला असेल तर कायद्याची भानगड वेगळी, आणि विमा कंपनीपासून हे बदल लपवले तर दाव्याच्या वेळी अंगाशी येतात.

हे सगळं सांगूनही तुमचं मन त्याच गाडीत अडकलं असेल, तर चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट आणि आतली हवा किती गळते ते मोजणारी लीक-डाउन टेस्ट केल्याशिवाय एक डॉलर पुढे सरकवू नका. तीन सिलिंडर सारखे आणि एक उतरलेला दिसला, किंवा लीक-डाउन वीस टक्क्यांच्या वर गेला, तर हात जोडून परत फिरा. टेस्टला नाही म्हणणारा विक्रेता भेटला तर उत्तर तिथेच मिळालं असं समजा.

गाड्यांची नावं घेण्याआधी तुम्हाला एक विचारायचं आहे. ही गाडी चालवणार कोण? पत्रात सगळीकडे ‘मी’ आहे. पत्नी नोव्हेंबरात येतील, मुलीला डे-केअरला सोडायचं असेल, दवाखाना असेल, किराणा असेल. त्या तिकडे लायसन्स काढतील तेव्हा ऑटोमॅटिकवर शिकणार की गिअरच्या गाडीवर, हे त्यांना विचारलं का? एसटीआयला ऑटोमॅटिक नाहीच. साध्या डब्ल्यूआरएक्सला सीव्हीटी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पर्याय होता, पण त्या गाडीची गंमत मॅन्युअलमध्ये आहे. बर्फात नव्याने शिकणाऱ्या माणसाला क्लच सांभाळायला लावणं मला पटत नाही. हा निर्णय फोनवर दोघांनी मिळून घ्या, बाकीचे पर्याय आपोआप कमी होतील.

दुसरा प्रश्न सात किलोमीटरचा. थंडीत बाटलीतलं खोबरेल तेल कसं गोठतं ते घरी पाहिलंच असेल. इंजिनचं तेल तसं गोठत नाही, पण उणे वीसमध्ये घट्ट होतं आणि गरम व्हायला वेळ घेतं. पाण्याचा काटा वर आला तरी तेल मागेच असतं. सात किलोमीटरमध्ये ते पुरतं तापत नाही. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या टर्बो इंजिनात अशा छोट्या फेऱ्यांत थोडं पेट्रोल तेलात उतरतं, आत दमट वाफ साचते आणि तेल पातळ पडतं. याने गाडी मरत नाही, पण तेल लवकर बदलावं लागतं. अशा वापरात दर ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल तेव्हा. आठवड्यातून एकदा तरी हायवेला अर्धा-पाऊण तास गाडी पळवा. सकाळी गाडी सुरू करून दहा मिनिटं उभी ठेवू नका. अर्धा मिनिट थांबा, मग पहिली काही किलोमीटर ३,००० आरपीएमच्या आत हळुवार चालवा.

आता पर्याय. दोघांनाही मॅन्युअल चालणार असेल तर २०१५ ते २०२१ या पिढीतली साधी डब्ल्यूआरएक्स बघा. दोन लिटरचं एफए२० टर्बो, २६८ अश्वशक्ती, टायमिंगला चेन. मॅन्युअलमध्ये पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या डिफरेन्शियलला व्हिस्कस कपलिंग आहे आणि ताकद पुढे-मागे निम्मी-निम्मी जाते. बर्फात ही गाडी फार गोड चालते. अट एकच, कारखान्यातून निघाली तशीच असावी. ९१ ऑक्टेनचं महाग पेट्रोल लागतं, ते महिन्याच्या खर्चात धरा. तेल ५डब्ल्यू-३० सिंथेटिक, साधारण ५.१ लिटर. थेट फवारणीमुळे इनटेक व्हॉल्व्हवर काजळी धरते, त्यामुळे लाखाच्या पुढच्या गाडीत ती साफ केली का ते विचारा. थंडीत दुसरा गिअर पहिल्या काही मिनिटांत जड पडतो, त्याला घाई करायची नाही.

ऑटोमॅटिकच हवी असेल तर माझी पहिली पसंती ॲक्युरा टीएलएक्स, साडेतीन लिटर व्ही-सिक्स (सहा सिलिंडर), २०१६ ते २०२० मधली. २९० अश्वशक्ती, टर्बो नाही. तिची एसएच-एडब्ल्यूडी ही ऑल-व्हील प्रणाली ७० टक्क्यांपर्यंत ताकद मागे पाठवते आणि मागच्या ताकदीतली सगळी एका चाकालाही देऊ शकते, म्हणून ती वळणावर नाक बाहेर न ढकलता आत येते. तुम्ही गिअरचे माणूस, तुम्हाला तिचा मागचा ॲक्सल बघून आनंद होईल. पण टीएलएक्स नावाच्या सगळ्याच गाड्या ऑल-व्हील नाहीत. चार सिलिंडरची फक्त पुढची चाकं ओढते आणि तिला मागची चाकं किंचित वळवणारी वेगळीच प्रणाली आहे. जाहिरातीतल्या शब्दावर जाऊ नका, गाडीच्या मागे एसएच-एडब्ल्यूडी लिहिलेलं हवं. २०१५ च्या पहिल्या गाड्यांत नऊ गिअरच्या बॉक्सला धक्के बसायच्या तक्रारी होत्या, म्हणून मी २०१६ पासून म्हणतोय. टायमिंगला बेल्ट आहे. तो १,६०,००० किलोमीटरच्या आसपास वॉटर पंप आणि टेन्शनरसह बदलावा लागतो. बदलल्याची पावती नसेल तर तो खर्च किमतीतून कमी करून मागा.

सुबारू लेगसी ३.६आर ही तिसरी. २५६ अश्वशक्ती, साधं पेट्रोल, मागची सीट ऐसपैस. स्पोर्ट्स म्हणवत नाही, पण मुलीच्या कार-सीटला आणि आजी-आजोबा आले तर त्यांना हीच सगळ्यात सोयीची. लेक्सस आयएसची ऑल-व्हील आवृत्ती टिकाऊ आहे, मात्र मागे जागा कमी. बघायला जाल तेव्हा कार-सीट बरोबर नेऊन बसवून बघा.

राहिल्या जर्मन गाड्या. शेंद्र्याच्या कारखान्यात ऑडीची जुळणी होते, त्यामुळे आपल्याकडे त्या नावाबद्दल आपलेपणा आहे, आणि २०१० ते २०१६ ची एस४ खरोखर देखणी चालते. पण या बजेटमध्ये येणारी एस४ दहा वर्षांच्या पुढची असणार. वॉटर पंप, थर्मोस्टॅट, एस-ट्रॉनिक गिअरबॉक्सचं नियंत्रण करणारं मेकॅट्रॉनिक युनिट, व्हॉल्व्हवरची काजळी, यांतलं एकेक बिल येत राहील. २०१२ ते २०१५ च्या चार सिलिंडर बीएमडब्ल्यूत टायमिंग चेनच्या प्लास्टिक गाइड तुटायच्या. नव्या देशात, पहिल्याच हिवाळ्यात, एकच गाडी असताना हे ओझं नको.

तपासणीला मात्र वेळ द्या. विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा की गाडी रात्रभर बंद हवी. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या, कारण थंड इंजिनच खरं बोलतं. सुरू झाल्यावर पहिल्या दहा सेकंदांचा आवाज ऐका आणि कोणाला तरी मागे उभं करून धूर बघायला सांगा. पांढरी वाफ थंडीत सगळ्यांचीच येते. निळसर धूर येत राहिला तर इंजिन तेल जाळतंय.

मग नक्षी मोजायचा गेज घेऊन चारही टायर मोजा. हे काम कोणी करत नाही आणि ऑल-व्हीलमध्ये तेच सगळ्यात बोलकं असतं. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे हवेत आणि नक्षीतला फरक १.६ मिलिमीटरच्या आत. एक टायर जास्त झिजलेला म्हणजे त्याचा घेर लहान, म्हणजे ते चाक कायम जास्त फिरतं आणि मधलं कपलिंग सरळ रस्त्यावरही राबत राहतं, तापतं, शेवटी जळतं. मालकाने वर्षभर तीन जुने आणि एक नवा असे टायर चालवले असतील तर ती झीज आता तुमच्या पदरी येणार. रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू दोन-तीन गोल फेऱ्या मारा, दोन्ही बाजूंनी. गाडी अडखळली, कोणी मागून धरून ठेवल्यासारखी उड्या मारायला लागली, तर मधलं डिफरेन्शियल जाम आहे. पुढे तुमच्याही लक्षात असू द्या, अर्धे झिजलेले टायर असताना एक फाटला तर एकच बदलून भागत नाही. आणि गाडी बंद पडली तर ती सपाट ट्रकवर (फ्लॅटबेडवर) चढवूनच न्यायची, दोन चाकांवर ओढून नाही.

गाडीच्या संगणकातले एरर कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर वीस-तीस डॉलरला मिळतो. एरर कोड नाही म्हणून खूश होऊ नका, रेडिनेस मॉनिटर बघा, म्हणजे गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात का ते. बरेचसे ‘नॉट रेडी’ दिसले तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढून लावलीय. आठवड्याने पुन्हा बघतो म्हणून सांगा. बदल केलेली गाडी मूळ रूपात आणून विकणारेही असतात. एअर बॉक्सचे, एक्झॉस्टचे बोल्ट बाकी गंजलेल्या बोल्टांच्या मानाने चकचकीत दिसतात, पुढच्या काचेशेजारच्या पिलरवर जादा मीटर बसवल्याची भोकं राहतात.

शेवटी गाडी रॅम्पवर चढवा. ओटावात रस्त्यावर मिठाचा मारा होतो आणि गंज वरून दिसत नाही. वरवरचा तांबूस थर चालतो. पापुद्रे सुटलेला, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर बद्द वाजणारा गंज चालत नाही. सबफ्रेम, जॅक लावायच्या कडा, मागच्या चाकावरची कमान आतून, आणि विशेषतः ब्रेकच्या धातूच्या नळ्या. खालून नवाकोरा काळा थर मारलेला दिसला तर तो कशावर मारलाय ते विचारा. तुमचं उबदार तळघर इथे उलटं पडतं. गोठलेल्या गाडीवर मीठ फारसं काम करत नाही, उबेत ओलं झालं की जोमाने करतं. म्हणून पारा शून्याच्या वर आला की गाडी खालून धुऊन घ्यायची, आणि दर शरद ऋतूत तेलाचा फवारा मारून घ्यायचा. त्याच तळघरामुळे बंद इंजिन उबदार ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची मात्र तुम्हाला फारशी गरज पडणार नाही.

कागदांत कारफॅक्स कॅनडाचा अहवाल बघा, त्यात अपघात आणि गाडीवरचं कर्ज दोन्ही कळतं. सेफ्टी सर्टिफिकेट ३६ दिवसांचं असतं आणि ते फक्त त्या दिवशी गाडी किमान निकषांत बसली इतकंच सांगतं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असलं की उणे ३७ पर्यंत चिंता नसते; काचेचं पाणी उणे ४० चं घ्या, आणि बॅटरी चार वर्षांपुढची असेल तर नोव्हेंबराआधी बदला.

गाडी ठरवण्याआधी विम्याचं कोटेशन घ्या, ठरवल्यानंतर नाही. नव्या देशात तुमची नोंद कोरी धरली जाते, आणि डब्ल्यूआरएक्स आणि टीएलएक्स यांच्या हप्त्यात वर्षाला किती फरक पडतो हे पाहूनही कदाचित निर्णय बदलेल. तिथे भारतातला अनुभव दाखवणारा कागद उपयोगी पडतो. काही कंपन्या तो मान्य करतात, काही करत नाहीत, म्हणून तीन-चार ठिकाणी विचारा. लायसन्स एमएच २४ चं असेल तर त्याचा एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे अधिकृत उतारा, सारथी पोर्टलवरून अर्ज करून मिळतो. पहिल्यांदा लायसन्स निघाल्याची तारीख आणि वर्ग त्यावर स्पष्ट आलेत का, हे बघून घ्यावं लागतं. लातूरच्या आरटीओत खेटा घालायची वेळ आली तर ते काम वडिलांना सांगा. तुमच्या गाडीची काळजी त्यांना आहेच, आणि पत्नी निघताना तो कागद त्यांच्या बॅगेत येऊ शकेल.